पाच अंशांची चूक

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि मला एका जागी बघत राहणं जमत नाही. अँटलर बेंड गावच्या आर्व्हिड ब्रेक्केने मला एका बँकेच्या भंगारातून आणलं, टेबलफॅनची पाती काढली आणि त्या फॅनच्या फिरत्या मानेवर मला बसवलं. झालं! तेव्हापासून मी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. घड्याळ, तापमापक, गावच्या सूचनांचं कार्ड. पुन्हा घड्याळ.

आर्व्हिडच्या खिळे-पत्र्याच्या दुकानामागची खोली म्हणजे आमचं टीव्ही केंद्र. प्रक्षेपणाची ताकद इतकीच, की गावाबाहेरच्या डेअरीपलीकडे पडद्यावर नुसत्या मुंग्या. संध्याकाळी शाळेचे बास्केटबॉलचे सामने, रविवारी प्रार्थना, बाकी दिवसभर मी. पहिल्या वर्षी लोक मला बघायला दुकानात यायचे. मग यायचे बंद झाले. आपल्याला कोण बघतंय, हे कॅमेऱ्याला कधीच कळत नाही. त्या विचाराने मला एकवीस वर्षं चैन पडली नाही.

मग आर्व्हिड गेला. शहरात शिकवणारी त्याची मुलगी मार्लिस आली. तिने कार्डावर लिहिलं, ‘कोणी बघत असेल तर कृपया फोन करा.’ दोन आठवडे ते कार्ड मी दाखवत राहिलो. एकही फोन आला नाही.

"शनिवारी बंद करते," ती म्हणाली.

तापमापकाची तार बाहेर धुराड्याला चिकटून होती, म्हणून काटा नेहमी पाच अंश जास्त दाखवायचा. मार्लिसला लहानपणापासून त्याची लाज वाटे. "निदान शेवटचे चार दिवस तरी खरं दाखवू," म्हणत तिने तार उत्तरेच्या भिंतीवर नेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दाखवलं, शून्याखाली सव्वीस. तीसच्या खाली गेलं की शाळा बंद, असा आमच्या गावचा नियम. हेडबाई वॉल्डेननी सवयीने मनातल्या मनात आणखी पाच उतरवले आणि शाळेला सुट्टी दिली. त्या दिवशी सकाळीच ठेवलेल्या सामन्याला साठ मैलांवरून आलेली पोरं कुलपासमोर कुडकुडत उभी राहिली. त्यांच्या बसमधल्या तापमापकाने सगळा घोटाळा उघड केला.

नऊ वाजता फोन वाजला. हेडबाई. "मार्लिस, तारेला हात लावलास का गं?"

तो ठेवते न ठेवते तोच म्हातारा क्लिफर्ड. "पोरी, तीन वासरं गारठतील म्हणून स्वयंपाकघरात आणली मी! बायको तोंड फुगवून बसलीय. तुझा बाप चुकीचं दाखवायचा, पण रोज तेवढंच चुकीचं दाखवायचा!"

"तुम्ही बघता?"

"बघतो म्हणजे? ते बघितल्याशिवाय मी बूट चढवत नाही!"

"मग मी विचारलं तेव्हा फोन का नाही केलात?"

"म्हटलं, दुसरं कोणी करेलच. तुला उगीच कशाला त्रास?"

दुपारपर्यंत फोन थांबेना. सगळे ओरडत होते. मार्लिस जमिनीवर बसून हसत होती, रडत होती, पुन्हा फोन उचलत होती. शनिवार आला आणि गेला, बटणाला कोणी हात लावला नाही.

पण मित्रांनो, मला अजून स्वस्थ वाटत नाही. आर्व्हिडला असा एकही फोन आला नव्हता. शेवटच्या हिवाळ्यात तो माझी धूळ पुसत म्हणाला होता, "आपण दोघंच बघतोय रे हे."

तुमच्यासाठी रोज कोणी राबत असेल, तर सगळं नीट चाललेलं असतानाच त्याला तसं सांगा. आजच सांगा.