आंबुपाड्याचा भीम

धनराज भोयेला मीटिंगचं भारी वेड. शाळेत मास्तर, राहायला पंचवटीत, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. २००५ साली महापालिकेनं शहराचं सांस्कृतिक धोरण ठरवायला घेतलं आणि सगळ्या समाजांची माणसं बोलावली. ढोलवाले आले, भजनी मंडळं आली, नाटकवाले तर न बोलावता आले. पेठकडच्या डोंगरातल्या लोकांच्या वतीनं कोण, तर आमचा धनराज. टेबलावर त्याच्या नावाची पाटी! गडी तिच्याकडे बघून बघून खुलत होता.

एका बैठकीत तृप्ती मॅडमनी विषय काढला. धोरण त्यांच्याच खात्याकडे होतं. जाहीर करायच्या समारंभात बोहाड्यातलं एखादं सोंग नाचवता येईल का? बोहाडा म्हणजे डोंगरातल्या पाड्यांचा मुखवट्यांचा उत्सव. टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर एकेक देव नाचत येतो. बाई भल्या होत्या. पुन्हा पुन्हा म्हणाल्या, "सर, रीतीत बसत नसेल तर मोकळेपणानं सांगा. आपण दुसरं काहीतरी ठेवू."

बसत नव्हतं, आणि ते धनराजला पक्कं ठाऊक होतं. आंबुपाड्यात भीमाचं सोंग भोयांच्या घरात पणजोबापासून. गावाचा नेम असा, की ज्यानं उत्सवाबाहेर मुखवटा तोंडाला लावला त्याच्या घरातून सोंग गेलं. पुन्हा मागायचं नाही. धनराजचा चुलता झिपरू मिसरूड फुटल्यापासून भीम घेत होता. म्हातारा वर्षभर त्या एका नाचावर जगतो, असं काकू म्हणायची. एवढं सगळं माहीत असून आमच्या शहाण्यानं काय करावं? सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर तो छाती काढून म्हणाला, "काही अडचण नाही मॅडम. आमचे लोक माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

टाळ्या पडल्या. लाज वाटायची ती तिथंच वाटायला हवी होती, पण मेली उशिरा आली. आली ती गावाकडं जाताना, एसटीत. काका नाही म्हणतील, मग झक मारत मॅडमना तसं सांगू, असं तो मनाशी घोकत होता. खरं म्हणजे काकांनी नाही म्हणावं म्हणूनच तो निघाला होता.

झिपरूकाका खळ्यावर भात झोडत होते. हातातली पेंढी बाजूला ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काकू, म्हणजे नवसाबाई, राहवेना म्हणून मधेच बोलली, "आरं, घरातलं सोंग जाईल ना! तुला ठावं नाय का?"



"तू शब्द दिलास का?" काकांनी विचारलं.

"दिला. पण काका, तुम्ही नाही म्हणालात तर..."

"चार माणसांत दिलास?"

"हो."

"मंग नाय कसं म्हणू? आपल्या घरातलं पोरगं त्या टेबलापाशी बसलं. त्याला मीच खोटं पाडू व्हय?" आणि बायकोकडे वळून ते म्हणाले, "च्या ठेव. पोरगा लांबून आलाय."

आता तरी बोलायचं की नाही! 'काका, चूक माझी आहे, मी मॅडमना जाऊन सांगतो.' एवढंच. पण तेवढं काही गड्याला जमलं नाही. चहा मात्र प्यायला, बशीत ओतून, फुरके मारत.

समारंभ भर दुपारी झाला. सभागृहात, ट्यूबलाइटखाली, ना टेंभे ना फुफाटा. तरी काका असे नाचले की माणसं खुर्च्या सोडून उभी राहिली. मुखवटा उतरवून, घामानं निथळत ते विंगेत आले आणि पहिलं हेच म्हणाले, "बरं झालं ना रं? राहिला ना तुझा शब्द?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं धनराजला झालं. तेवढ्यात तृप्ती मॅडम धावत आल्या. "सर, गावाला राजी केलंत, फार मोठं काम केलंत." आणि तो, काकांच्या देखत, "थँक्यू" म्हणाला.

वैशाखात बोहाडा आला. गावानं भीम पाड्यातल्याच गोटीरामच्या घराला दिला. वाद नाही, तंटा नाही. नेम तो नेम. धनराजला तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण न जाणं त्याहून वाईट, म्हणून गेला. कुणी एका शब्दानं बोललं नाही. चांगल्या चार शिव्या दिल्या असत्या तर मोकळा तरी झाला असता. काका बायकापोरांच्या घोळक्यात पोत्यावर बसले होते. पुतण्याला बघताच त्यांनी सरकून जागा केली.

"ये, बस. आजवर मी आतच व्हतो, भीम कसा दिसतो ते कधी बघायलाच घावलं नाय. आता दोघं मिळून बघू."

संबळ घुमू लागला. टेंभे पुढं झाले, भीम आला, पोरं ओरडली. धनराजच्या शेजारी काकांचे पाय बसल्या जागी ताल धरून नाचत होते. ते पाय दिसू नयेत म्हणून तो सोंग संपेपर्यंत गोटीरामच्या भीमाकडेच बघत राहिला.