गंजाच्या बुडाची चिठ्ठी

तुम्ही मानणार नाही, आणि मानूही नका. पण माझ्या बायकोच्या एका केसानं मी बोदलकशाच्या तलावातून नऊ किलोचा मासा ओढला आहे. केस तुटला नाही. मासाच थकला.

शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून मी हे सांगत होतो आणि धान रोवणाऱ्या बाया हसत होत्या. त्यांनी हसावं, हीच तर माझी गरज होती.

फुलवंता, म्हणजे माझी बायको, तीस वर्षं या टोळीची मुख्य. मी पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या वाहणारा हमाल. दुपारी सगळ्यांनी आपापल्या डब्यातला भात एका गंजात, मोठ्या पातेल्यात, ओतायचा आणि फुलवंतानं सगळ्यांना वाढायचा, ही टोळीची रीत.

दिवाळीच्या सुमारास तिचे केस झडू लागले. कंगव्यात, उशीवर, पुंजकेच्या पुंजके. मग नखं पांढरी पडून सुटली. तोंडाला लोखंडाची चव, तळपायाला मुंग्या. गोंदियाला दोनदा नेलं. रक्त झालं, थायरॉईड झालं, कातडीचा तुकडाही तपासून झाला.

"सब नॉर्मल है, बाबूजी," डॉक्टर म्हणाले. "कारण समजत नाही. बघत राहू."

डोकं बोडकं आणि कागद नॉर्मल! पण गाव कागद कुठं बघतं? उन्हाळी रोवणा लागला आणि पहिल्याच दुपारी टोळीतल्या शामकलानं आपला डबा मांडीवरच उघडला.

"काऊन वं, गंजात नाही टाकत?" फुलवंतानं विचारलं.

"भूक कमी आहे, काकी."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचीच भूक कमी झाली. आठ बाया पाठी फिरवून जेवल्या. फुलवंता रिकामा गंज घेऊन घरी आली आणि म्हणाली, "उद्याचा दिवस रोवण्याले जातो. मंग नाही."

म्हणून तिसऱ्या दुपारी मी माशापासून सुरुवात केली आणि केसवालीपर्यंत आलो. केसांच्या बदल्यात भांडी देणारी ती बाई आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत.

"रोग कायचा? इनं केसं कापून देले तिले," मी म्हणालो. "तराजूची दांडी वाकली! चाळीस गावं फिरली, म्हणे, पन असा माल नाही पाहिला. तवा हा गंज देला तिनं."

"म्हंजे झडले नाही? देले?" शामकलानं विचारलं.

"देले, बाई!"

शामकलाचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. आता ओतेल, असं वाटलं.

"झूट बोलून राहिला हा बुढा," फुलवंता म्हणाली.

तिनं गंज उपडा केला. बुडाला तिरोड्याच्या दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती. पहिले पुंजके पडले तेव्हा मीच तो विकत आणला होता, आणि त्या पुंजक्यांवर केसवालीनं दिला, असं तिलाही सांगितलं होतं. जरा हसलीही होती. चार महिने तिनं तो गंज राखेनं घासला. बूड आरशासारखं चमकत होतं. चिठ्ठी मात्र तिनं घासली नव्हती.

"केसवाली यंदा आलीच नाही," ती म्हणाली. "केसं आपोआपच पडले. काऊन पडले, ते डॉक्टरलेही नाही माहीत. तुमाले लागन का, तेही मी सांगू नाही शकत. पन हा बुढा रोज माझ्या हातचं खाऊन राहिला. पाहा याच्या मिशा."

आठही जणींनी माझ्या मिशा पाहिल्या. जागेवर होत्या.

फुलवंतानं डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर टाकला. फेब्रुवारीचं ऊन तिच्या टाळूवर पडलं. गंज सरळ केला, आपला भात ओतला आणि पळी हातात धरून बसली.

कोणी हललं नाही. मग शामकला उठली, आपला डबा गंजात उपडा केला आणि बूड ठोकून ठोकून शेवटचं शीतही खाली पाडलं.

"आनि काकी, तो नऊ किलोचा मासा?"

"तेही झूट, वं," फुलवंता तिला वाढत म्हणाली. "याले पान्याचं भेव वाटते."