पहिला विळा

दाणा नखाखाली दाबला, तर दूध निघालं नाही. मंदाबाईने तो दातांखाली धरला. कट्ट वाजलं. शेतातल्या त्या बांधीच्या चारही कोपऱ्यांतल्या लोंब्या तिने तशाच तपासल्या. धान पिकला होता.

"आता कापाले पायजे," ती नवऱ्याला, इश्वरला म्हणाली. "सांगा ना त्यायले."

'त्यायले' म्हणजे इश्वरच्या थोरल्या भावाला, तुलारामला. भासऱ्यापुढे पदर घ्यायचा आणि बोलायचं नाही, ही घरची रीत. मंदाबाईचं प्रत्येक म्हणणं इश्वरच्या तोंडून जायचं आणि पुष्कळदा तिथेच राहायचं. दरसाल दिवाळीच्या सुमाराचं वादळ उशिरा पिकणारा भारी धान लोळवी. म्हणून मंदाबाईने साकोलीहून आणवलेला, महिनाभर आधी पिकणारा हलका धान एका बांधीत लावायला तुलाराम यंदा कसाबसा कबूल झाला होता.

इश्वर सांजेला परतला. "दादा म्हणते, घरचा पहिला इळा मोठ्या बांधीत लागते. बाबाच्या टायमापासून."

"तिथचा धान तं हिरवा हाय अजून!"

"म्हणून थांबा म्हणते."

"मंग हलका लावला कायले? पाहाले?"

इश्वरने बिडी पेटवली. "तू बी ना, लय घाई करून राहिली."

"मंग हिस्सा मांगा आपला. लग्न झाल्यापासून आयकून राहिली, मांगतो, मांगतो."

"दिवाळी होऊ दे."

ती रोज बांधीवर जाई. पोपटांचे थवे उतरत, लोंब्यांखाली दाणे सांडलेले दिसत. ती विचारी, "सांगतलं का?" तो म्हणे, "सांगतो." मोठी बांधी पिवळी व्हायला लागली, आणि एका दुपारी वादळ आलं.

पाणी ओसरल्यावर तिघंही दोन बांधींमधल्या धुऱ्यावर उभी राहिली. हलका धान चिखलात आडवा होता. पलीकडे मोठी बांधीही आडवीच.

"पाह्य इश्वर," तुलाराम म्हणाला, "हलका काय अन् भारी काय, सारखाच झोपला. तुया बायकोले सांग, पुढच्या साली असले खेळ नाही पायजे."

मंदाबाई हातभर अंतरावर उभी होती. तरी इश्वर तिच्याकडे वळला. "दादा म्हणते..."

तिने वाकून चिखलातली एक लोंबी उचलली. दाण्यांना पांढरे मोड फुटले होते. डोक्यावरचा पदर तिने नीट केला आणि नवऱ्याला ओलांडून थेट तुलारामकडे पाहिलं.

"भाऊजी, आमचा हिस्सा वेगळा करून द्या."