इटलीचा बस्ता

लग्नाचा बस्ता निवडतात तशीच इटलीची टूर निवडायची, असं आमच्या बन्सीधरकाकांनी ठरवलं. म्हणजे ओसरीत सतरंजी अंथरायची, घरातल्या सगळ्यांनी बसायचं, दुकानदारानं एकेक उलगडून दाखवायचं, बायकांनी नाकं मुरडायची, आणि शेवटी घरातली सगळ्यात थोर सवाष्ण ज्याच्यावर बोट ठेवील ते बांधायचं. मग तिनंच त्याला हळदकुंकू लावायचं. ते लागलं की बस्ता पक्का. काकांचं म्हणणं, साडी काय आणि इटली काय, घरातलं एक जरी तोंड वाकडं राहिलं तर लाभत नाही.

आमच्या ताडकळसच्या घरातली सगळ्यात थोर सवाष्ण म्हणजे सरजाआजी. माझे आजोबा मुंजाजीआबा, त्यांची ती भावजय. आबांचे थोरले भाऊ व्यंकटी. ते महायुद्धाच्या वेळी पलटणीतून इटलीला गेले आणि परत आले नाहीत. त्यामुळे आमच्या घरात लंडन-अमेरिकेच्या आधीपासून इटली माहीत. चप्पल सापडेना झाली, शेळी चुकली, की आम्ही पोरं म्हणायचो, 'गेली इटलीला.' आजीसमोर मात्र म्हणायचो नाही. का म्हणायचं नाही ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

काकांचे गंगाखेडचे व्याही सिंगापूर करून आले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटो दाखवून त्यांनी काकांना बेजार केलं होतं. त्यात यंदा ऊस चांगला गेला. पण काका कधी 'फिरायला जातो' म्हणाले नाहीत. एकदाच आबांना म्हणाले, आपला माणूस गेला तो मुलूख बघून यावा म्हणतो. आबा म्हणाले, 'बघ.' आणि तंबाखू मळत बसले.

आता माझं. मी शिवकांता, घरात कांता, दहावीत. दिवाळीच्या आधी परभणीला वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला आणि तेव्हापासून मला गप्प बसणं म्हणून जमेना. आई म्हणायची, हिच्या तोंडाला झाकण बसवायला पाहिजे. पण काकांनी टूरचं इंग्रजी वाचायचा सगळा जिम्मा माझ्यावर टाकला, आणि वर हसत हसत म्हणाले की बोलायला कांतालाच संगं नेऊ. ते हसत म्हणाले होते हे मी सोयीनं विसरले आणि वर्गात सगळ्यांना सांगून मोकळी झाले.

नांदेडच्या टूरवाल्याची तीन रंगीत पत्रकं आधीच पोस्टानं आली होती. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती फाडफाड वाचली. दोन टूर उत्तरेकडच्या. रोम, फ्लोरेन्स, वाकडा मनोरा, पाण्यात बांधलेलं व्हेनिस. तिसरी दक्षिणेला जात होती. तिच्या शेवटच्या पानावर एक बारका फोटो होता. हिरवंगार गवत आणि त्यात पांढऱ्या दगडांच्या रांगा. खाली लिहिलं होतं की महायुद्धात पडलेल्या सैनिकांची ही स्मारकं, त्यात हिंदुस्थानी सैनिकही आहेत, आणि ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांचीसुद्धा नावं इथं दगडात कोरलेली आहेत.

मी बसल्या जागी उडालेच. कुणालाही सांगितलं नाही. आमचे सर शिकवायचे, भाषणात सगळ्यात चांगलं वाक्य शेवटी राखून ठेवावं. मी ते राखून ठेवलं.

टूरवाला आला त्या दिवशी विद्यापीठाचं नाव बदलण्यावरून परत बंद होता. एसटी नव्हती. बिचारा मोटारसायकलवर धुळीनं पांढरा होऊन आला. मी सकाळपासून नवा परकर-पोलका घालून तयार. त्या गडबडीतही सरजाआजीनं हाक मारली आणि मी रोजच्यासारखी फणेरपेटी उघडून आरसा धरला. तिचा हात थरथरतो, म्हणून दुसरीत असल्यापासून ते काम माझं. ती बोटानं कपाळावर मेण लावणार, गोल करणार, मग कुंकवात बोट बुडवून हलकेच दाबणार. चांगलं बंद्या रुपयाएवढं. मग विचारणार, 'मधोमध आलं का गं?' मी म्हणणार, आलं. त्या दिवशी पण म्हणाले, आणि पळाले.

शेजारच्या नर्मदाबाई बोलावण्याआधीच येऊन बसल्या होत्या. गल्लीतला कुठलाही बस्ता त्यांच्याशिवाय होत नाही. सतरंजीच्या कडेला काकूनं, म्हणजे कमलकाकूनं, हळदकुंकवाचं ताट झाकून ठेवलं होतं.

टूरवाला बोलायला लागला आणि प्रश्नांखाली दबूनच गेला. आबांनी विचारलं, भाकरी मिळंल का. तो म्हणाला, आमचा आचारी बरोबर असतो, वरण-भात, पोळी, भाजी. आबा म्हणाले, रोज पोळी म्हणजे रोज सणच की, पोट कसं सोसंल. काकूला फिकीर वेगळीच. टूरमध्ये संकष्टी येत होती. उपवास सोडताना चंद्र तिथला धरायचा का ताडकळसचा? टूरवाल्याला हे आजवर कुणी विचारलं नसावं. तो पत्रक उलटंपालटं करायला लागला. मी मध्येच म्हणाले, जिथं आपण असू तिथला. दिसला की सोडायचा. काकांनी माझ्याकडे अशा कौतुकानं बघितलं की मला वाटलं, तिकीट निघालंच.

नर्मदाबाई म्हणाल्या, 'कमलबाई, तांब्या मात्र घरून न्या बरं. तिथं कागदावर भागवत्यात म्हनं.' सगळी ओसरी हसली. टूरवालाही लाजून हसला.

सरजाआजी खांबाला टेकून बसली होती. एकेक पत्रक घेऊन पदरानं पुसल्यासारखं करायची आणि चित्र बघायची. तिनं एकच विचारलं.

'तिथं थंडी लय असती का?'

'मे महिन्यात नसते, आजी. हिवाळ्यात मात्र बर्फ पडतो.'

'पडत आसंल,' आजी म्हणाली.

हीच माझी वेळ, असं मला वाटलं. मी उभी राहिले. खरंच उभी राहिले, स्पर्धेत राहतात तशी, हात मागं बांधून. म्हणाले, टूर घ्यायची तर ही तिसरीच घ्यायची, आणि काका-काकूंनी नाही, आजीनंच जायचं. पत्रक उघडून पांढऱ्या दगडांचा फोटो सगळ्यांपुढून फिरवला. मग राखून ठेवलेलं वाक्य काढलं.

'लढाईत मेलेल्या सगळ्यांची नावं इथं दगडावर कोरलीत. आपल्या थोरल्या आबांचं पण असणार. आजी, तुला बोटानं वाचता येईल.'

मी टाळ्यांची वाट बघत होते. मला खोटं लिहिता येत नाही, मी खरंच वाट बघत होते.

आबांनी मान खाली घातली. काकूचा हात ताटावरच्या झाकणावर होता, तो तिथंच राहिला. नर्मदाबाई मात्र बघत होत्या. कुठं बघतायत म्हणून मी त्यांच्या नजरेच्या मागून गेले, तर त्या आजीच्या कपाळाकडे बघत होत्या. आणि रोज आरसा धरून जे मी बघत होते ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. कुंकू. हातातला हिरवा चुडा. गळ्यातली काळी पोत.

टूरवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो मला मदत करायला गेला. म्हणाला, हो हो, घरच्यांना तिथं फुलंसुद्धा वाहता येतात.

'पाव्हणं, तुमी पाणी प्या,' आबा म्हणाले.

'कांते, बस खाली,' काका म्हणाले.

मी बसले. नंतर आईनं चुलीपाशी सांगितलं ते सगळं मला तसं आधीच माहीत होतं, फक्त मी ते कधी जोडून बघितलं नव्हतं. सरकारकडून काय कळायचं ते केव्हाच कळलं होतं. पण पणजीनं तेव्हा सांगितलं, आपल्यातल्या कुणी डोळ्यानं बघितलं नाही, तर तोंडानं म्हणायचं नाही. तेव्हापासून कुणी म्हणालं नव्हतं. पोस्टमन दर महिन्याला पेन्शनचे पैसे आणतो, त्यांना घरात 'व्यंकटीचा पगार' म्हणतात. मीच कितीदा अंगणातून ओरडले असेन, आजी, पगार आला. सगळ्या घराला ठाऊक, सगळ्या गल्लीला ठाऊक. आजीला ठाऊक होतं का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. म्हणून ते कुंकू राहिलं होतं. आणि मी, परभणीचा पहिला नंबर, उभी राहून ते मोठ्या आवाजात म्हणून टाकलं, नर्मदाबाईंच्या देखत.

आजीच पहिल्यांदा बोलली.

'भावजी, पोरीला कुणी काय बोलू नका. तिला वाचायला लावलं, ती वाचायली.' मग तिनं दुसरं पत्रक पुढं ओढलं. 'ह्ये कोन्तं? सगळं पानीच हाय की.'

टूरवाला म्हणाला, व्हेनिस.

'ह्येच घ्या. हितं नाव लिवायला दगडच दिसंना कुठं.' तिनं चित्रावर बोट ठेवलं. 'आन बन्सी, त्या दगडाच्या गावाला वाटंतबी उतरायचं न्हाई.'

काका हो म्हणाले. निवड झाली. आता ताट. रीतीप्रमाणे ते आजीपुढं सरकायचं. काकूनं झाकण काढलं, आजीकडे बघितलं, नर्मदाबाईंकडे बघितलं, आणि तिचा हात अडला. तेवढ्यात नर्मदाबाईंनी ताटाला दोन बोटं लावली आणि ते काकूकडेच वळवलं.

'तुमीच लावा आता, कमलबाई.'

आवाज अगदी मऊ होता. त्यांनी मुद्दाम दुखवलं असंही मला म्हणता येत नाही. काकू म्हणाली, राहू द्या, बघू नंतर, आणि ताट उचलून आत गेली. पत्रक कुंकवाशिवाय कपाटात गेलं. कळवतो म्हणून टूरवाल्याची बोळवण झाली.

पुढचे दिवस मी घरात अशी वागले की मी नाहीच. आजी सकाळी हाक मारायची, मी आरसा धरायचे, पण आरशाच्या मागं मान घालून. 'मधोमध आलं का?' आलं. आलं होतं की नाही कुणास ठाऊक. शाळेत मुली विचारायच्या, इटलीचं कुठवर आलं? मी फळ्यावरचं गणित उतरवून घ्यायचे. घरात कुणी मला रागावलं असतं तर बरं झालं असतं. आबांनी तर उलट मला विचारून विचारून दूध पाजलं.

संक्रांतीच्या दिवशी दुपार कलल्यावर नर्मदाबाईंची सून आवतण द्यायला आली. आजी ओसरीतच होती, पेटी पुढ्यात, ठेवणीतली साडी नेसून. हळदीकुंकवाला सगळ्यात आधी तयार होणारी तीच. सून दारातूनच म्हणाली, 'कमलकाकूला आन कांताच्या आईला बोलावलंय, सांजच्याला या.'

दर वर्षी त्या दोघींच्या आधी अजून एक नाव असायचं. सून खाली बघत उभी राहिली, मग गेली.

मी खांबाआड होते. मला वाटलं, आता आजी पेटी मिटेल. आणि ती मिटली तर ती मीच मिटवली.

'कांते,' आजी म्हणाली, 'आरसा धर.'

मी धरला. तिनं मेण लावलं, गोल केलं, कुंकू दाबलं. रोजच्यापेक्षा जास्तच वेळ घेतला. मग म्हणाली, ते पाण्याच्या गावाचं पत्रक आण. मी कपाटातून आणून दिलं. बोटाला राहिलं होतं तेवढं कुंकू तिनं व्हेनिसवर टेकवलं.

'जा, बन्सीला सांग, पक्कं झालं म्हणावं.'

मी सांगून आले तर ती बाहेरच्या पायरीवर जाऊन बसलेली. गल्लीकडे तोंड करून. संध्याकाळ होत आलेली, बायका नव्या साड्या नेसून वाणाची ताटं घेऊन नर्मदाबाईंकडे निघालेल्या. आमच्या दारावरूनच रस्ता. आजीनं पायरीवर हात आपटून मला शेजारी बसवलं आणि पत्रक मांडीवर दिलं.

'वाच. पहिल्या दिशी कुठं जायचं, दुसऱ्या दिशी कुठं.'

मी वाचायला लागले. मलाच ऐकू येईना.

'मोठ्यानं वाच की. परभणीत वाचलीस तसं.'

मग मी मोठ्यानं वाचलं. विमानतळावरून बसनं हॉटेलवर. रात्रीचं जेवण, वरण-भात. दुसऱ्या दिवशी होडीतून फेरी, काचेच्या कारखान्याला भेट. व्हेनिसच्या चित्रावर आजीचं कुंकवाचं बोट उमटलं होतं, त्याच्यावर नजर ठेवून मी वाचत होते. समोरून पावलं जात होती, जोडव्यांची, पैंजणांची. आमच्या दारापाशी आली की जरा हळू व्हायची, कुणी म्हणायचं, 'सरजाबाई, बसलात का?' आणि आजी म्हणायची, 'बसलेय. कांता वाचायली.' कोण कसं बघत गेलं ते मला सांगता येणार नाही. मी मान वर केलीच नाही.