न वाजवण्याचा पगार

लायल प्रुइट पुढे नेहमी सांगत असे, की गिटार विकून ती दहा तारांची फळी घेताना आपण मेहुण्याच्या पोटावर पाय देतोय हे आपल्या ध्यानात आले नव्हते. ते खरे नव्हते. दुकानातून बाहेर पडतानाच त्याच्या ध्यानात आले होते. तो विचार त्याने गाडीच्या डिकीत टाकला आणि वर फळी ठेवली, एवढेच.

त्या वाद्याला सगळे स्टिक म्हणत. हाताच्या पंजाएवढी रुंद, छातीपासून गुडघ्यापर्यंत येणारी सपाट पट्टी. कमरेच्या पट्ट्यात तिचा आकडा अडकवायचा, खांद्यावरून दुसरा पट्टा घ्यायचा आणि तिला जवळजवळ उभी धरायची. तार छेडायची नाही, ओढायची नाही. दोन्ही हातांची बोटे तारांवर नुसती टेकवायची, की सूर उमटतो. निम्म्या तारा खर्जाच्या, त्या डाव्या हाताला. निम्म्या वरच्या सुरांच्या, त्या उजव्या हाताला. म्हणजे गिटारवाला आणि बेसवाला मिळून जे करतात, ते एकच माणूस करू शकतो. आणि लायलच्या तीन जणांच्या बँडमधला बेसवाला होता फर्मीन ओचोआ, लायलच्याच बायकोचा थोरला भाऊ.

बँड तिघांचा म्हणायचा तो वाजवणाऱ्यांचा. लायल गिटारवर, फर्मीन बेस या खर्जाच्या उंच, उभ्या वाद्यावर, बड स्कॅगिन ड्रमवर. लायलची बायको ओफेलिया गायची. पण वादकांच्या युनियनच्या लेखी गळा हे वाद्य नव्हे, त्यामुळे ती मोजणीत नव्हती. दर उन्हाळ्यात ही मंडळी सॅन बर्नार्डिनोहून डोंगर चढून तळ्याकाठच्या ऑर्डवे लॉजमध्ये मुक्काम टाकत आणि शाळा सुरू होईपर्यंत सुट्टीवर आलेल्यांना नाचवत.

लायलने हिवाळाभर गॅरेजमध्ये रियाज केला. रियाज गॅरेजपुरता राहिला नाही. जेवणाच्या टेबलावर त्याची डाव्या हाताची बोटे चालत, गाडीच्या स्टिअरिंगवर चालत, झोपेत ओफेलियाच्या पाठीवर चालत. ओफेलियाने तक्रार केली ती एकदाच. कुठले गाणे चालू आहे ते आधी सांगत जा, म्हणजे मला निदान शब्द तरी आठवता येतील, असे तिचे म्हणणे होते.

लॉजचा मालक ऑर्डवे याला ही कल्पना भयंकर आवडली. एक खोली कमी, तीन वेळचे एक ताट कमी. त्याने हिशेबासाठी पेन उघडले न उघडले तोच युनियनच्या कचेरीतून निरोप आला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये किमान तीन वादक हवेत, हा नियम जुना आहे. एका वादकाला दोन वाद्यांचे काम येत असेल तर त्याचे अभिनंदन. पण स्टेजवर माणसे तीन. तिसऱ्याने वाजवले नाही तरी चालेल, मात्र त्याने आपले वाद्य घेऊन तिथे हजर राहायचे आणि पूर्ण पगार घ्यायचा. बेकार वादकांच्या यादीत सध्या पहिले नाव कोणाचे आहे, हेही त्या निरोपात होते.

नाव फर्मीन ओचोआचे होते.

ऑर्डवे त्या दिवशी लायलशी फार बोलला नाही. सिझनचा पहिला शुक्रवार-शनिवार वाजवा, मी ऐकतो, एवढे म्हणाला. एका माणसाच्या अंगातून दोघांचे संगीत येत असेल तर उन्हाळा तुमचा. येत नसेल तर सोमवारी जूकबॉक्सवाल्याला फोन करणार. नाणे टाकले की गाणी वाजवणाऱ्या त्या पेटीला किमान किती पेट्या हव्यात असा नियम अजून कोणी केलेला नाही. लायलपाशी दुसरे काम नव्हते, गिटार नव्हती, आणि फळीचे हप्ते जायचे होते.

शुक्रवारी संध्याकाळी फर्मीन सगळ्यांच्या आधी हजर. काळा सूट, बुटांना पॉलिश. त्याने आपला बेस खोळीसकट भिंतीशी टेकवला, उंच स्टुलावर बूड टेकवले, चष्मा लावला आणि मासेमारीचे मासिक उघडले. शेजारी पिस्त्यांची पिशवी. लायलने दबकत विचारले, की तुला राग तर नाही ना आला?

"राग कसला, दाजी?" फर्मीन म्हणाला. "वीस वर्षं वाजवायचे पैसे घेतले, आता न वाजवायचे घेतो. आणि माझं काम मी चोख करणार. आज माझ्याकडून एकही चूक होणार नाही, बघ. तू तुझं सांभाळ."

पहिली दोन गाणी बरी गेली. चा-चा-चाच्या नाचाला तर दाद मिळाली. लोक स्टेजजवळ येऊन फळीकडे बघत होते. एकाने तिला कुंपणाची पट्टी म्हटले, दुसऱ्याने इस्त्रीचे टेबल. लायलला त्याची सवय होती. त्याला ज्याची सवय नव्हती ते वेगळेच होते. लोक फळीकडे बघून झाले की फर्मीनकडे बघत, आणि मग त्यांची नजर तिथून हलत नसे. स्टेजवर सुटाबुटातला एक माणूस, शेजारी त्याच्याहून उंच वाद्य, आणि हा पान उलटतोय. कधी वाजवणार? नाचणारी जोडपी वळणावळणावर मान वळवून बघत होती. मध्यंतरात एका आजीबाईंनी त्याला केकचा तुकडा आणून दिला आणि हळूच विचारले, की बोटांना लागलंय का? फर्मीनने अदबीने उठून सांगितले की नाही बाई, मी ड्यूटीवर आहे. तो पुन्हा बसला तेव्हा मागच्या टेबलांवरून टाळ्या पडल्या. संध्याकाळभरात त्याहून मोठ्या टाळ्या कोणाला पडल्या नाहीत.

एवढ्यावर भागले असते तर लायलने सोसलेही असते. पण फर्मीनला एक भुवई होती. म्हणजे दोन होत्या, पण त्रास एका डावीचाच. लायलचा उजवा हात एखाद्या उड्या मारणाऱ्या चालीवर गेला, की डावा हात त्याच्या नादाने किंचित पुढे धावत असे. एकाच डोक्याचे दोन नोकर. एकाला घाई झाली की दुसऱ्यालाही होणार. हिवाळाभर गॅरेजमध्ये हे कळले नव्हते, कारण गॅरेजमध्ये कोणी नाचत नव्हते. इथे पोल्का हा उड्यांचा नाच आला, डावा हात घसरला, आणि एका दंतवैद्याने आपल्याच बायकोच्या पायावर पाय दिला. त्या क्षणाच्या आधी, नक्की आधी, मासिकाच्या वर ती भुवई उचलली गेली.

त्यानंतर लायल भुवईकडे बघूनच वाजवू लागला. भुवई खाली असेपर्यंत ठीक, वर गेली की चूक. चूक होणार म्हणून वर जाते, की वर गेली म्हणून चूक होते, हे त्याला सांगता येईना. मध्यंतरात त्याने फर्मीनला स्टूल भिंतीकडे फिरवून बसायची विनंती केली. फर्मीन बिनतक्रार फिरून बसला. आता लायलला त्याचा कान दिसू लागला. प्रत्येक चुकीच्या आधी कानाची पाळी हलायची.

शनिवारी सकाळी ऑर्डवेने न्याहारीला लायलच्या पुढ्यात बसून पॅनकेक खाल्ले. हॉलमध्ये तो पाऊल टाकत नसे. तिथे गेला की पाहुणे गरम पाण्याची तक्रार घेऊन त्याला कोपऱ्यात गाठत. तो सगळे स्वागतकक्षात बसून भिंतीपलीकडून ऐके. काल भिंतीपलीकडून काय ऐकू आले तेवढेच त्याने सांगितले.

"वरचं छान आहे, प्रुइट. खालचं म्हणजे कोणीतरी जिन्यावरून सामान उतरवतंय. आज रात्री शेवटच्या गाण्यापर्यंत मी ऐकणार. सामान सुखरूप खाली आलं तर राहा."

दिवसभर लायल खोलीत बसून डावा हात घोटत होता. ओफेलियाने सुचवले, की फर्मीनलाच सांग ना, दोन गाण्यांत वाजव म्हणून. युनियनची त्याला हरकत नाही, आणि माझं ऐकेल तो. लायलने ठाम नकार दिला. ऑर्डवे हे पैसे एका माणसाने दोघांचे काम करण्याचे देणार आहे. दुसऱ्याने वाजवले तर मग मी काय दाखवले? आणि ज्याची जागा घेतली त्याच्यापुढेच हात पसरू? ओफेलियाने केसांना पिना लावता लावता ऐकून घेतले. मग म्हणाली, की आमच्या घरात हात पसरायची कोणाला गरजच पडली नाही, सगळे न विचारताच घेतात.

हॉल गच्च भरला. न वाजवणारा वादक आहे ही बातमी तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत गेली होती. पुढच्या टेबलावर, तो वाजवणार की नाही, यावर पैजा लागल्या होत्या. फर्मीन भिंतीकडे तोंड करून बसला तर लोकांनी कुरकुर केली, म्हणून तो परत सरळ बसला. भुवई परत आली.

लायल घाम गाळत वाजवत होता. त्याने बेसच्या चाली सोप्या केल्या तर पोकळ वाटले. भरगच्च केल्या तर पाय अडखळू लागले. बडने ड्रमवरून नजरेने विचारले, की मी तुझ्यामागे यायचं की तू माझ्या? नाचणारे एकेक करून खुर्च्यांकडे निघाले. भिंतीपलीकडे ऑर्डवे आता जूकबॉक्सवाल्याचा नंबर शोधत असणार, हे लायलला दिसत होते.

शेवटून तिसरे गाणे सुरू झाले. संथ, प्रेमाचे, ओफेलियाच्या आईकडून आलेले. ओफेलिया पहिले कडवे गायली आणि लायलच्या लक्षात आले, की त्याने तिचा एकही शब्द ऐकलेला नाही. तो काल संध्याकाळपासून कोणाचेच काही ऐकत नव्हता. तो फक्त बघत होता.

ओफेलिया दुसऱ्या कडव्याला वळली. लायलने डावा हात तारांवरून उचलला आणि विजारीच्या खिशात घातला.

खालचे सूर गेले. उजव्या हाताची एकटी चाल हॉलभर काटकुळ्या माणसासारखी उभी राहिली. बडने काठ्या बाजूला ठेवून मऊ आवाजाचे ब्रश घेतले. जोडपी जागच्या जागी डुलू लागली, कारण पाऊल कुठे टाकायचे ते सांगणारे कोणी नव्हते. लायल फर्मीनकडे बघत नव्हता. त्याने बायकोकडे तोंड केले होते आणि एका हाताने वाजवत होता. आता इथून पुढे ऑर्डवेला ऐकायला येत होते ते धड एका माणसाचेही संगीत नव्हते.

फर्मीनने पान उलटले. मग तेच पान परत उलटले. त्याची पॉलिश केलेली टाच स्टुलाच्या दांडीवर पडू लागली. ओफेलिया भावाकडे न बघता कडव्याची ओळ लांबवत होती, जितकी लांबवता येईल तितकी, आणि ती पुष्कळ लांबवू शकत असे. अखेर फर्मीन स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटला, ते प्रेमाचे नव्हते. मासिक मिटले, उठला आणि बेसची खोळ उतरवली. पुढच्या टेबलावर एकजण पैज हरला.

पहिला सूर आला तो जमिनीतून आल्यासारखा. जोडप्यांचे पाय आपोआप पडू लागले. लायलला काल संध्याकाळपासून पहिल्यांदा कशावरच पहारा ठेवायचा नव्हता. कडवे संपता संपता त्याने डावा हात खिशातून काढला, वरच्या तारांवर उजव्याच्या शेजारी ठेवला, आणि दोन चाली एकमेकींना चिमटे काढत निघाल्या. हे त्याने गॅरेजमध्ये कधी केले नव्हते. तिथे डावा हात कायम कामावर असे. उरलेली दोन गाणीही तशीच गेली. खुर्च्या रिकाम्या झाल्या.

शेवटच्या टाळ्या विरल्या तेव्हा फर्मीन बेसला खोळ घालून स्टुलावर बसला होता आणि चष्मा पुसत होता. दार उघडून ऑर्डवे आत आला. त्याला हॉलमध्ये बघून बडही उभा राहिला.

ऑर्डवेने लायलचा डावा हात हातात घेऊन दाबला. हाच, तो म्हणाला. शेवटच्या तीन गाण्यांत हा हात जागा झाला. सामान सुखरूप खाली आलं, प्रुइट, उन्हाळा तुझा. मग त्याने स्टुलाकडे हनुवटी केली. "याला काढायला मी युनियनशी भांडून बघतो. तू एकटा पुरतोस हे आता माझ्या कानांनी ऐकलंय."

लायलने फर्मीनकडे पाहिले. फर्मीन चष्म्याची काच उजेडात धरून बघत होता आणि भुवया दोन्ही जागच्या जागी होत्या. गप्प राहायला काहीच लागत नव्हते. उन्हाळा हातात होता, हात ऑर्डवेच्या हातात होता.

"मिस्टर ऑर्डवे," लायल म्हणाला, "तो हात माझा नव्हता. तो त्याचा होता."

ऑर्डवेने हात सोडला. त्याने फर्मीनकडे, खोळीकडे, मग पुन्हा लायलकडे पाहिले. मनातल्या मनात काहीतरी जुळवले.

"म्हणजे बेस तू वाजवणार नाहीस."

"नाही."

"आणि याचा पगार मला असाही द्यायचाच आहे."

"असाही."

"मग वाजवू दे की त्याला," ऑर्डवे चिडून म्हणाला. "दोन संध्याकाळ फुकट कशाला बसवलंत?"

मागून एक बाई गरम पाण्याचे काय म्हणत त्याच्या रोखाने निघाली होती. ऑर्डवे घाईने दाराकडे वळला. उन्हाळ्याचे तेवढे नक्की, असे तो जाता जाता म्हणाला. पण लायलच्या दुसऱ्या हाताने काहीतरी करत राहावे, लोक बघतात.

फर्मीन स्टुलावरून उतरला. सगळे ऐकून त्याचा चेहरा उतरला होता.

"एक महिना तरी थांबायचं होतंस, दाजी," तो म्हणाला. "इतकी चांगली नोकरी मला जन्मात मिळाली नव्हती." मग त्याने बेस उचलला आणि जिन्यापर्यंत लायलला पोल्का कुठे आणि का घाईत जातो ते सांगत गेला. लायलला ते पटले नाही. जिना संपेपर्यंत दोघांचे आवाज चढले होते, आणि ओफेलिया खोलीची किल्ली घेऊन पुढे निघून गेली.