शेवटपर्यंत ओढलेला पट्टा

गाडी बघायला निघताना दादाने यादी केली होती. चौकटीच्या कागदावर एकवीस मुद्दे आणि प्रत्येकापुढे खूण करायला एक चौकोन. दादा शाळेत भूमिती शिकवतो, त्यामुळे चौकोनसुद्धा पट्टीने आखलेले. मला त्याने एकच काम दिलं.

"तू सीट कव्हरचा रंग तेवढा सांग. त्यातलं तुला कळतं."

मी सतरा वर्षं गाड्यांची सीट कव्हरं शिवते. बोटांना घट्टे पडलेत, मान एका बाजूला झुकलीय, आणि घरात माझ्या कामाला अजूनही 'शिवणटिपण' म्हणतात. पण आजचा दिवस ताईचा होता.

ताई नर्स आहे. गावाबाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला गेल्या वर्षी नोकरी लागली होती, पण ड्यूटी सकाळी सहाची आणि पहिली बस साडेसहाची. नोकरी हातची गेली. त्या आठवड्यात ती कुणाशी धड बोललीसुद्धा नाही. यंदा त्यांनी पुन्हा बोलावलं. सोमवारी सहाला हजर व्हायचं, आणि पुढच्या वर्षी तिचं वय नियमात बसणार नव्हतं. म्हणून तिने साठवलेले होते नव्हते ते सगळे पैसे काढले होते. गाडी फसवी निघाली असती तर दुसरी घ्यायला काहीच उरलं नसतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, म्हणून कुणी बोलून दाखवत नव्हतं.

जुन्या गाड्यांचा बाजार म्हणजे पत्र्याच्या कुंपणातलं मोठं मैदान. विकणारा माणूस फाटकाशीच उभा होता. केस चापून बसवलेले, बूट चकाचक, बोलणं त्याहून चकाचक. मी मनातल्या मनात त्याचं नाव गुळगुळीत ठेवलं. त्याने आम्हाला सरळ एका लाल गाडीपाशी नेलं.

गाडी दिसायला नवरीसारखी होती. दादाने यादी उघडली. टायरला लाथ मारली, खूण केली. काचा खालीवर केल्या, खूण केली. इंजिन सुरू करून डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली, दोन खुणा केल्या. गुळगुळीत प्रत्येक मुद्द्याला दादाच्या अर्धा पाऊल पुढे. दादाने विचारायच्या आत दिवे लावून दाखवायचा, कागद काढून द्यायचा. तेव्हाच माझ्या डोक्यात किडा वळवळला. ही यादी याने दादाच्या आधीच वाचलेली दिसत होती.

मी बॉनेटवर हात ठेवला. गरम. सकाळी नुकतं फाटक उघडलं होतं आणि दादाने इंजिन मिनिटभरच चालवलं होतं. गार असताना कुरकुरणारी गाडी गिऱ्हाईक यायच्या आत तापवून ठेवतात.

"आधी सुरू करून ठेवली होती का?" मी विचारलं.

"धुवायला पुढे घेतली होती, ताई," गुळगुळीत म्हणाला. मी त्याची ताई कधी झाले कोण जाणे.

दादाने माझ्याकडे डोळे वटारले. मी मागच्या सीटवर जाऊन बसले. रंग बघायचा होता ना, मग बघते.

रंग ठीक होता. शिवण ठीक नव्हती. कंपनीची शिवण मशीनवर एका सुरात पडते. इथे टीप सरळ होती, पण टिपेशेजारी रिकाम्या छिद्रांची दुसरी बारीक ओळ होती. एकदा सुई गेली की ते छिद्र बुजत नाही. म्हणजे कव्हर उसवून पुन्हा शिवलेलं. मी सीटखाली हात घातला. कव्हर ताणून धरणाऱ्या तारेच्या कड्या नव्या कोऱ्या, आणि त्यांच्या मागच्या स्प्रिंगा हाताला खरखरीत. बोटं बाहेर काढली तर तांबडी.

सीट उसवतात ती दोनच कारणांनी. फाटली म्हणून, नाहीतर भिजली म्हणून. ही फाटलेली नव्हती.

तिकडे दादाने एकविसावी खूण केली होती आणि ताई पर्समधून लिफाफा काढत होती.

"ताई, थांब," मी म्हणाले.

"काय झालं?" दादा वैतागला. "रंग नाही आवडला?"

"बाई शिवण बघायला आल्यात की गाडी?" गुळगुळीत हसला.

"शिवणच बघायला आलेय," मी म्हणाले, आणि मागच्या सीटबेल्टचा पट्टा हातात घेतला.

पट्टा लोक कमरेपुरता ओढतात. मी ओढत गेले. हातभर आला, दोन हात आला, स्वच्छ, काळाभोर. शेवटी जोर लावून उरलेला ओढला, जो कायम खाली गाडीच्या बाजूच्या खांबाच्या पोटात गुंडाळलेला असतो. त्यावर चिखलाचा वाळलेला थर होता आणि मध्ये आडवी तपकिरी रेघ. गालिचा बदलला होता, सीट धुऊन शिवली होती, पण पट्टा शेवटपर्यंत ओढून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"ही गाडी पाण्यात होती," मी म्हणाले. "सीटच्या वरपर्यंत. आतल्या विजेच्या ताराही गंजल्या असणार. आज चालेल, दोन महिन्यांनी पहाटे वाटेत कुठेतरी बंद पडेल."

दादाने पट्टा हातात घेतला, नखाने चिखल खरवडला, मग आपल्या यादीकडे पाहिलं. ताईने लिफाफा पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली. मला इतका आनंद झाला की हसू आवरेना, म्हणून मी तोंड फिरवलं.

तोंड फिरवलं तर कुंपणाशी एक राखाडी गाडी दिसली. दाराला पोचा, रंग उडालेला.

"ती नका बघू," गुळगुळीत म्हणाला. "एका रिटायर माणसाची. तिला कुणी विचारत नाही."

मी विचारलं. ड्रायव्हरची सीट दाराकडच्या कडेला झिजलेली, पायाखालचं रबर तेवढंच झिजलेलं, बाकीच्या सीट जवळजवळ कोऱ्या. एकच जड माणूस वर्षानुवर्षं एकटा चालवत होता आणि एकाच बाजूने उतरत होता. मीटरवरचा आकडाही त्या झिजेला शोभेसा. शिवण कंपनीची, छिद्रांची एकच ओळ. चारही पट्टे शेवटपर्यंत स्वच्छ. बॉनेट गार होतं, आणि गार असतानाच इंजिन एका किल्लीत सुरू झालं. तरीही मी माझ्या कामाच्या शेडशेजारच्या मेकॅनिकला फोन करून बोलावलं. तो तासभर गाडीखाली पडून होता.

"काळा धूर नाही, गळती नाही," तो बाहेर येऊन म्हणाला. "दिसायला भूत आहे, पण घ्या."

ताईने ती चढावर, खड्ड्यांतून, उलटी, सगळीकडून चालवून पाहिली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेलं हसू होतं. लाल गाडीपेक्षा ही बरीच स्वस्त पडली, त्यामुळे चार नवे टायर आले.

घरी निघताना दादाने सवयीने पुढचं दार उघडलं.

"दादा, तू मागे," ताई म्हणाली. "पुढे ती बसेल."

दादा मागे बसला. मग त्याने आपला पट्टा धरला, शेवटच्या टोकापर्यंत ओढला, उजेडात निरखून पाहिला आणि मगच लावला. खिशातून यादी काढून तिच्या तळाशी त्याने बावीस आकडा लिहिला. पुढे चौकोनही काढला, पण पट्टी जवळ नसल्याने तो वाकडा आला.

सोमवारी पहाटे मी फोन हातात धरून बसले होते. सहाला दहा कमी असताना तो वाजला.

"पोचले," ताई म्हणाली. "अजून रात्रपाळीही सुटली नाहीये इथली."