एका नावाच्या आम्ही दोघी

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढी मी एक हार्ड डिस्क, आता बरीच जुनी झालेली. केरकेना बेटावर सगळे मला 'अफराह' म्हणत. आमच्याकडे अफराह म्हणजे लग्नकार्ये, आनंदाचे सोहळे. पण खरे सांगू? ते नाव माझ्या एकटीचे नव्हतेच.

कारखान्यात माझ्या पोटात चकचकीत तबकड्या बसवल्या, त्यांवर फिरणारी एक बारीक सुई दिली आणि मला डब्यात बंद केले. डबा उघडला तो सफाक्स शहरात, हसनाच्या टेबलावर. हसना संगणक जोडण्यात तरबेज. तिची मैत्रीण मोंजिया समोरच्या केरकेना बेटावर राही आणि लग्नालग्नांतून फिरून तिथली गाणी ध्वनिमुद्रित करी. गाणी एवढी, की एका डिस्कवर मावेनात. म्हणून हसनाने माझ्याबरोबर माझ्यासारखीच दुसरी डिस्क बसवली. ती माझी बहीण.

संगणकाचा सारा कारभार ऑपरेटिंग सिस्टीम पाहते. हसनाने तिला बजावले, "या दोघी मिळून एकच कोठी समज." तेव्हापासून संगणक सुरू झाला की ती प्रत्येक तारेच्या टोकाशी जाऊन विचारी, कोण आहे? मग आमच्यावर लिहिलेली खूण वाची : ही अफराहची पहिली, ही दुसरी. दोघी सापडल्या की पडद्यावर एकच नाव उमटे. गाण्याचा एक तुकडा माझ्याकडे, पुढचा बहिणीकडे, त्यापुढचा पुन्हा माझ्याकडे. मोंजिया एकदाच बोट दाबी. आम्ही दोघी गरगर फिरत असू आणि गाणे सलग वाजे. त्यातला सांधा कधी कोणाला ऐकू आला नाही. याचा मला फार अभिमान वाटे.

आमच्याकडच्या गाण्यांत सर्वांत लाडकी होती बशीरकाकांची. काका कोळी. ढोल वाजवत गायला लागले, की समुद्रातल्या होड्यांपर्यंत आवाज जाई. पुढे त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. त्या दिवसापासून त्यांनी ढोलालाही हात लावला नाही.

त्यांच्या मुलीचे, शादलियाचे, लग्न ठरले. ती मोंजियामावशीला म्हणाली, "खाला, बाबांचं गाणं वाजल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. आधीच सांगून ठेवते!"

आणि नेमका लग्नाच्या सकाळी मोंजियाचा संगणक बंद पडला. लग्नात ध्वनिक्षेपक लावायला आलेला वजदी धावत आला. त्याने झाकण उघडून पाहिले.

"खाला, खारं वारं खाऊन खाऊन गेला हा! पण डिस्क धडधाकट आहे. हिलाच घेऊन जातो."

त्याने मला काढले. बहीण खालच्या कप्प्यात, धुळीमागे राहिली. पडद्यावर नाव एकच, तेव्हा वस्तूही एकच असणार, असेच सगळ्यांना वाटले. मला ओरडता येत नव्हते.

लग्नघरी ऑक्टोपस घालून शिजवलेल्या गव्हाच्या रवाळ कुसकुसचा घमघमाट सुटला होता. वजदीने मला आपल्या संगणकाला जोडले. तो संगणक मला ओळखेना. माझ्याकडे एकाआड एकच तुकडे! बहिणीवाचून त्यांचा अर्थ कसा लागणार? पडद्यावर प्रश्न आला, 'ही डिस्क वापरण्याजोगी नाही. कोरी करून नव्याने तयार करू का?'

नवरदेवाचे काका हबीब मागून डोकावत होते. "अरे, एवढं अदबीनं विचारतोय, तर हो म्हण की! वऱ्हाड उन्हात करपतंय."

वजदीचे बोट कळीवर टेकले. मित्रांनो, त्या क्षणी माझी सुई जागच्या जागी थिजली. तेवढ्यात मोंजियाने त्याचे मनगट धरले.

"हात काढ आधी! कोरी म्हणजे काय, कळतं का तुला? हसनाला विचारते मी."

फोनवर हसना एवढ्या मोठ्याने बोलली की अंगणातल्या सगळ्यांनी ऐकले. "एकच नेलीत? अगं बाई, दोन आहेत त्या! मीच बसवल्यात. खालच्या कप्प्यात बघा. आणि कुणी 'हो' दाबलंच, तर बोटीत बसून येईन आणि बोटं मोडीन त्याची!"

वजदीने गुपचूप हात खिशात घातला. हबीबकाका म्हणाले, "मी तर केव्हाचा सांगतोय, घाई नको." साऱ्या अंगणात हशा पिकला.

मग हबीबकाकाच लग्नाच्या कपड्यांनिशी स्कूटरवर बसले. परतले तेव्हा माझी बहीण त्यांच्या रेशमी रुमालात गुंडाळलेली होती.

वजदी घाबरून पुन्हा फोनवर म्हणाला, "हसनाताई, कुठली तार कुणाला लावू?"

"कुठलीही लाव. तारेवर काही नसतं रे, सिस्टीम खूण वाचून घेते. मग एवढंच सांग तिला, की या दोघी एकत्रच्या आहेत."

त्याने तसे केले. सिस्टीमने माझी खूण वाचली, बहिणीची वाचली, आणि पडद्यावर नाव उमटले : अफराह. बायकांनी आनंदाने जिभा हलवत असा 'लुलुलू' गजर केला की भिंतीवरची कबुतरे उडाली.

गाणे सुरू झाले. भिंतीशी बसलेल्या बशीरकाकांनी स्वतःचा तरणाबांड आवाज ऐकला आणि मान खाली घातली. दुसऱ्या कडव्याला ते उठले, ढोलवाल्याच्या गळ्यातला ढोल काढून आपल्या गळ्यात अडकवला आणि थाप मारली. शादलिया उंबरा ओलांडून थेट त्यांच्यापाशी आली.

"बाबा, ताल चुकला तर परत आत जाईन हं!"

काकांना हसू फुटले. आवाज नव्हता, पण खांदे गदगदत होते. ताल मात्र एकदाही चुकला नाही. आणि आम्ही दोघी! तशा जन्मात कधी फिरलो नव्हतो.

आता आम्ही मोंजियाच्या कपाटात विसावलो आहोत. गाणी नव्या डिस्कांवर गेली, त्यांची एक प्रत हसनाकडेही असते. नाव तेच आहे. कोणाला फरकही कळत नाही, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही. मित्रांनो, एवढेच सांगते : पडद्यावरच्या नावामागे कोणीतरी खरोखर झिजत असते. त्याला धुळीपासून जपा. प्रत काढून ठेवा. आणि यंत्राने कितीही अदबीने विचारले, तरी समजून घेतल्याशिवाय 'हो' म्हणू नका.

परवा बशीरकाका नातीला घेऊन आपले जुने गाणे ऐकायला आले होते. ती अजून बोलू लागलेली नाही. गाणे संपले तसे काकांनी मोंजियाकडे पाहून बोट वर केले, 'पुन्हा!' मांडीवरून एक इवलेसे बोटही तसेच वर झाले.